फ्रान्सचं रान आणि रविवारचा प्रश्न

फ्रान्समध्ये रविवारी शिकार बंद ठेवावी की नाही, यावर वाद आहे. त्याचं मूळ 4 ऑगस्ट 1789 च्या रात्रीत आहे. तोवर शिकार हा सरदार-उमरावांचा मक्ता होता. रानातली जनावरं पीक फस्त करून गेली, तरी शेतकऱ्याला हात चोळत बसावं लागे. त्या रात्री हा विशेषाधिकार रद्द झाला आणि शिकार म्हणजे साध्या माणसानं मिळवलेला हक्क, ही भावना खेड्यापाड्यांत रुजली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हाच ठरला, त्यामुळे हा पीळ चटकन कळत नाही.

पुढे 1964 च्या कायद्यानं अनेक जिल्ह्यांत गावाची शिकार संघटना सक्तीची केली. साधारण 20 हेक्टरच्या आतल्या जमिनीवरचा शिकारीचा हक्क आपोआप संघटनेकडे जाई. घराभोवतीचे 150 मीटर तेवढे वगळलेले. मालकाला शिकार मान्य नसली तरी त्याचं चालत नसे. 1999 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं हे चूक ठरवलं. 2000 च्या कायद्यानं, शिकार तत्त्वालाच पटत नसलेल्या मालकाला आपली जमीन संघटनेतून बाहेर काढायची मुभा दिली, शिवाय बुधवारी शिकारबंदी आणली. बुधवारची बंदी 2003 मध्येच उठली.

दरम्यान रानडुकरं बेसुमार वाढली. 1973 मध्ये वर्षाला सुमारे 36 हजार मारली जात. 2019-20 मध्ये हा आकडा आठ लाखांवर गेला. छऱ्यांनी ससे-तितर मारणारी मंडळी लांब पल्ल्याच्या गोळीकडे वळली, आणि खरा धोका तिथे आहे. हाक्याच्या, म्हणजे आरडाओरडा करून जनावरं उठवण्याच्या शिकारीत बंदूकधारी एका रांगेत उभे राहतात. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या दिशेला 30 अंशांचा कोन वर्ज्य ठेवायचा. तो आखायची रीत सोपी: शेजाऱ्याकडे पाच पावलं चालायचं, तिथून काटकोनात बार टाकायच्या बाजूला तीन पावलं, आणि तिथे खूण रोवायची. जागेवर परतून पाहिलं की उभ्या जागेपासून खुणेपर्यंतची रेघ ही हद्द. गोळी दगडावर किंवा गोठलेल्या जमिनीवर आपटून तिरकी उसळते, म्हणून हा कोन. बार खाली, मातीत जाईल असाच टाकायचा. बुटकी मचाणं त्यासाठीच. घात होतो तो बहुधा डुक्कर रांगेला समांतर पळतं आणि नळी त्याच्यामागे फिरत जाते तेव्हा, नाहीतर झुडपात नुसतं हललेलं पाहून चाप ओढला जातो तेव्हा.

2019 च्या कायद्यानं अशा सामूहिक शिकारीत झगझगीत नारिंगी जाकीट आणि वाटेवर फलक सक्तीचे केले, दर दहा वर्षांनी सुरक्षेची उजळणीही. तरी डिसेंबर 2020 मध्ये लो जिल्ह्यातल्या कालविन्याक गावी घराजवळ लाकडं तोडणारा 25 वर्षांचा तरुण डुक्कर समजून मारला गेला. त्याच्या मैत्रिणींनी सुरू केलेल्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि सिनेटला चौकशी करावी लागली. जानेवारी 2023 मध्ये सरकारनं 14 उपाय जाहीर केले. नशेत शिकार करणं त्याच वर्षी दंडनीय झालं. रविवारची बंदी मात्र आली नाही. बहुतेक शिकारी नोकरदार, त्यांनाही सुट्टी रविवारचीच. हे कारण खरं आहे, पण फिरणाऱ्यांनाही तेच लागू पडतं.

फिरणाऱ्याला जाकिटाची सक्ती नाही, तरी सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर ते घालावंच. ‘शास आँ कूर’ म्हणजे ‘शिकार चालू’ असा फलक दिसला तर पायवाट सोडू नये, कुत्रा दोरीला बांधावा, आणि रांगेतला शिकारी दिसला की त्याला आवाज देऊन, त्यानं पाहिल्याची खात्री करूनच पुढे जावं.