एका जास्तीच्या अक्षराचा माग

मूत्रपिंडाचा आजार एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, तेव्हा संशोधक आजारी आणि निरोगी नातेवाइकांचे डीएनए पडताळून, केवळ आजारी माणसांतच हमखास आढळणारा गुणसूत्राचा तुकडा शोधतात. यात एक मेख आहे: आज धडधाकट दिसणारा तरुण पन्नाशीत आजारी पडू शकतो, त्यामुळे ‘निरोगी’ हा शिक्का जपूनच मारावा लागतो.

मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या पुटी वाढत जाणाऱ्या बहुपुटीय मूत्रपिंड विकाराचा माग असाच १९८५ मध्ये सोळाव्या गुणसूत्रापर्यंत लागला. पण ‘पीकेडी-१’ हे जनुक प्रत्यक्ष हाती यायला १९९४ साल उजाडले. या जनुकाच्या बऱ्याच मोठ्या भागाच्या सहा जवळजवळ हुबेहूब नकला त्याच गुणसूत्रावर आहेत, आणि डीएनएची अक्षरे (ए, टी, जी, सी अशी चार रसायने) वाचताना नकलेतले अक्षर मूळ जनुकाच्या नावावर सहज खपून जाते.

‘एमयूसी-१’ची कथा याहून विलक्षण आहे. या जनुकातील दोषाने होणाऱ्या आजारात लघवीतून ना फारशी प्रथिने जातात ना रक्त. मूत्रपिंडे गुपचूप निकामी होत जातात. दोष पहिल्या गुणसूत्रावर आहे हे कळले होते, तरी आधुनिक यंत्रांना तो दिसेना. या जनुकात सुमारे ६० अक्षरांचा एक मजकूर माणसागणिक २० ते १२५ वेळा पुन्हा पुन्हा येतो. यंत्रे डीएनएचे छोटे तुकडे वाचून ते जुळवतात; सगळे तुकडे सारखेच असतील, तर कोणता कुठला हे ठरणार कसे? अखेर जुन्या, वेळखाऊ पद्धतींकडे वळल्यावर २०१३ मध्ये उलगडा झाला: एका आवृत्तीत सलग सात ‘सी’ असायला हवे होते, तिथे आठ होते.

एका अक्षराने एवढे काय बिघडते? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘कमळ गवत नगर’ या ओळीच्या आरंभी एक ‘क’ जास्त घातला, तर ‘ककम ळगव तनग र’ असे काहीतरी हाती येते. असे विद्रूप प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांमधील पेशींत साचत राहते. २०१९ मध्ये संशोधकांना ते पेशीत अडवून ठेवणारे ‘टीमेड-९’ हे दुसरे प्रथिन सापडले, आणि त्याची पकड सोडवणाऱ्या एका रेणूमुळे उंदरांच्या मूत्रपिंडांतील हा साठा कमी झाल्याचेही दिसले.