ज्येष्ठ फुटबॉलपटूच्या संघबदलाची बोलणी

तिशीला टेकलेल्या किंवा तिशी ओलांडलेल्या व्यावसायिक खेळाडूच्या संघबदलासाठी क्लब, खेळाडू आणि त्याचा एजंट यांच्यात होणारी वाटाघाट. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूचा करार लीगशी असल्याने क्लब त्याची आपसांत अदलाबदल करू शकतात. भारतासह बहुतेक देशांत मात्र खेळाडूच्या संमतीवाचून बदली होत नाही.

या बोलण्यांत पैशापेक्षा करारातले उरलेले महिने अधिक बोलतात. फिफाच्या नियमांनुसार कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो आणि मुदत संपल्यावर हस्तांतर शुल्काविना, म्हणजे नव्या क्लबने जुन्या क्लबला द्यायच्या रकमेविना, मोकळा होतो. म्हणून वर्षभर आधी थोडक्या शुल्कात त्याला सोडावे की शेवटपर्यंत ठेवून फुकट गमवावे, हा पेच क्लबपुढे उभा राहतो. २०१७ पासून एफसी गोवाकडून खेळलेला मडगावचा मिडफिल्डर ब्रँडन फर्नांडिस २०२४ मध्ये करार संपल्यावर मुंबई सिटीकडे गेला.

खरी घासाघीस नव्या कराराच्या मुदतीवरून होते. क्लबला एक वर्ष हवे असते, खेळाडूला दोन. तडजोड म्हणून ठरावीक सामने खेळल्यास दुसरे वर्ष आपोआप लागू होईल, असे कलम घातले जाते. हे कलम बारकाईने वाचायला हवे, कारण अट पुरी व्हायला एकदोन सामने उरले असताना खेळाडूला राखीव बाकावर बसवले, तर ते वर्ष हातचे जाते. त्यामुळे बदली खेळाडू म्हणून उतरून खेळलेली दहा मिनिटे सामना म्हणून धरायची की नाही आणि दुखापतीचा काळ कसा मोजायचा, हे जाणता एजंट आधीच लिहून घेतो. वैद्यकीय तपासणीतले गुडघ्याचे जुने दुखणेही आकडा खाली आणते.

धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब २०१६ मध्ये आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडल्याने गोमंतकीय खेळाडूचे घराजवळचे पर्याय आटले. इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल स्पर्धेत राज्याचा एफसी गोवा हा एकच संघ असल्यामुळे तिथे जमले नाही, तर राज्याबाहेर जायचे किंवा राज्याच्या गोवा प्रोफेशनल लीगसारख्या खालच्या स्पर्धांत कमी मानधनावर खेळायचे, एवढेच बहुतेकांच्या हाती उरते. अशा खेळाडूची सौदाशक्ती त्याच्या खेळाच्या मानाने कमी ठरते, हा अन्यायच होय.

आंतरराष्ट्रीय बदलीत शुल्काचे ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. पण करार संपवून जाणाऱ्या गोमंतकीयावर शुल्कच नसल्याने गोव्याच्या साष्टी-बार्देश तालुक्यांतल्या त्याच्या गावच्या पहिल्या क्लबला यातून काहीच मिळत नाही.