मोठ्या पानांचं परडं

कणकुंबीहून निघा आणि जांबोटी, बेळगाव, चिकोडी करत अथणी गाठा. वाटेत नुसती पानं बघत चला. पावसाळ्यात कणकुंबीच्या रानात रानहळदीची, चवई या रानकेळीची रुंद हिरवी पानं पसरलेली असतात. अथणीकडे बाभळीची पानं, तीही बारीक बारीक दलांची. कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, अथणीला सहाशेच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात पानांचा आकार असा झरझर बदलतो.

पानाला चिकटून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. पान जितकं रुंद, तितका हा थर जाड आणि उष्णता बाहेर पडायला तितकाच अडसर. त्यामुळे भर उन्हात मोठं पान भोवतालच्या हवेपेक्षा बरंच तापतं. मग बाष्प सोडून अंग गार ठेवायचं, एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी मुळाशी भरपूर पाणी लागतं. अळू मोरीच्या पाण्यावर लावायची आपली जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे.

रात्री उलटं घडतं. निरभ्र आकाशाखाली पान उष्णता गमावत हवेपेक्षाही थंड होतं आणि जाड थरामुळे हवेतली ऊब त्याला मिळत नाही. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले इयन राइट आणि सहकाऱ्यांनी ७,६७० जातींच्या पानांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. जगाच्या मोठ्या भागात पान किती वाढणार हे दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीच्या हिमाच्या धोक्यावर ठरतं, असं त्यांना दिसलं. इंग्लंडमधले हौशी बागवान हिवाळ्यात केळीच्या बुंध्याला पेंढा गुंडाळतात तो हिमापासून बुंधा वाचवण्यासाठी.

बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. थंडी बोचते, पण पाणी गोठत नाही. आपल्या मोठ्या पानांचा खरा वैरी म्हणजे फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंतची कोरडी हवा. म्हणून अळू, कर्दळ, मॉन्स्टेरा (मोठ्या पानांची शोभेची वेल) यांना सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल अशी जागा द्यावी, बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालावं. मॉन्स्टेराला चढायला खांब किंवा झाड हवंच. वर चढू लागल्यावरच त्याची पानं मोठी होतात. केळीचं पान वाऱ्यानं फाटलं तर हळहळू नका. ते शिरांना समांतर फाटतं, त्या पट्ट्या जगतात, काम करतात आणि अखंड पानापेक्षा लवकर निवतात.

पण माझा जीव जडलाय तो चवईवर, आपल्या सह्याद्रीतल्या रानकेळीवर. रोपवाटिकेतून परदेशी रोपं आणणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलेलंही नसतं, याचं वाईट वाटतं. कोरड्या हवेशी ती झुंजतच नाही. पाऊस सरला की पानं वाळतात, जाड गड्डा तेवढा उरतो आणि मृगाच्या पावसाबरोबर नवी पानं सुटतात. काही वर्षांनी ती एकदाच फुलते, फळते आणि मरते. घरच्या केळीसारखी पिल्लंही देत नाही. सगळा वंश बियांवर, म्हणून रानातला गड्डा कधीही उपटून आणू नये. पिकल्या फळातलं बी मिळालं तर टणक कवच मऊ व्हायला ते कोमट पाण्यात भिजत घालावं आणि निचरा होणाऱ्या मातीत लावावं. पुढे उन्हाळ्यात पानं गेली की दया येऊन पाणी घालू नका. निजलेला गड्डा ओलीनं कुजतो.