गोजी की ढोरगुंज? लाल दिसलं म्हणून तोंडात टाकू नका

गच्चीवरच्या कुंडीत मी गोजी लावलंय, वाळवून बेदाण्यासारखं खातात ते चिनी लाल फळ. शेजारच्या काकूंनी परवा वाटीभर लाल मणी माझ्यापुढं धरले. "काय ओ, तुम्ही त्या कुंडीला पाणी घालून घालून दमलात की! तुमचं गोजी तर पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात ढिगानं लागलंय." टरफलं काढून, धुऊन, अगदी खायच्या तयारीनं आणली होती. एक मणी बोटात धरून बघितला आणि म्हटलं, काकू, आधी ती वाटी खाली ठेवा.

आमच्या सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात मोकळ्या प्लॉटात, बांधावर, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारं ते झुडूप म्हणजे आस्कंद. काहीजण त्याला ढोरगुंज म्हणतात, आयुर्वेदातली अश्वगंधा तीच. (काळ्या ठिपक्याची खरी गुंज निराळी. ती तर चक्क विषारी.) घोटाळा होणं साहजिक आहे, कारण गोजी आणि अश्वगंधा दोन्ही वांगं-मिरची-टोमॅटोच्या कुळातल्या, दोन्हींची फळं शेंदरी-लाल, आणि दोन्हींच्या पाकिटावर 'ताकद' हा शब्द असतोच.

ओळखायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे टरफल. ढोरगुंजेचं फळ कागदी फुग्यात दडलेलं असतं, रसभरीसारखं. काकूंनी नेमकी तीच खूण सोलून टाकली होती! आत मिरीदाण्याएवढा गोल मणी निघतो. गोजीचं फळ उघडं, देठाला लोंबतं, एक ते दोन सेंटिमीटर लांबट. एखाद्या बुटक्या लाल मिरचीसारखं. झाड बघितलं तर शंकाच उरत नाही. ढोरगुंजेच्या पानांवर करडी लव असते, फूल हिरवट-पिवळं आणि शोधावं लागेल इतकं बारीक. गोजीची पानं गुळगुळीत, भाल्याच्या पात्यासारखी, फुलं फिकट जांभळी, फांद्या लवलवत्या आणि त्यांना काटे.

खरा फरक मात्र आपण झाडाचं काय घेतो यात आहे. गोजीचं फळ खायचं. ढोरगुंजेचं मूळ घ्यायचं, तेही औषध म्हणून. त्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, अश्वगंधा हे नाव त्यावरूनच पडलं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं तिची शेती होते. पाचेक महिन्यांनी झाड उपटतात, मुळं धुऊन तुकडे करतात आणि उन्हात वाळवतात. फळं बियाण्यासाठी ठेवतात. ती मूठभर खाल्ली तर पोट बिघडायची धास्ती, म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता माझ्या कुंडीकडं येतो. गोजीचं माहेर चीनमधलं निंग्शिया. पाऊस तिथं सोलापूरपेक्षाही कमी, जमीन खारवट, पाणी ह्वांग हो म्हणजे पिवळ्या नदीच्या पाटाचं. त्यामुळं आपल्या बोअरचं मचूळ पाणी या झाडाला फारसं खुपत नाही. पण तिथली बर्फाळ थंडी आपण कुठून आणायची? आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला गेला की गच्चीवर त्याला शेडनेट लागतंच. आपली काळी माती एकटी वापरू नका. पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मी निम्मी वाळू-मुरूम घातली. वाळलेलं गोजी भिजवून त्यातल्या बिया पेरल्या तरी रोपं येतात, फक्त फळाला दुसरं वर्ष उजाडतं. मिरचीवर येतात ते सगळे पाहुणे इथंही येतात: फुलकिडे, कोळी, भुरी.

वाळवण हा आपल्या माणसांचा हातखंडा. बेदाण्याच्या शेडवर गेलेल्याला सांगायला नको, द्राक्षावर मेणाचा थर असतो, तो मोडल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही, म्हणून द्रावणात बुडवतात. गोजीवरही तसलंच मेण. चीनमध्येही फळं सोड्याच्या पाण्यातून काढायची पद्धत आहे. घरच्या वाटीभर फळांसाठी मी ते करत नाही, वेळ जास्त गेला तरी चालतो. मात्र ताजी फळं बोटांनी चेपू नका, काळी पडतात. फांदीखाली कापड धरून हलकेच झटकायची. मग सुती कापडावर एकेरी पसरून आधी सावलीत ठेवायची, साल सुरकुतली की उन्हात, वरून जुन्या साडीचा पदर. पहिल्याच दिवशी कुरडयांसारखी भर उन्हात टाकली की वरून कडक, आतून ओली राहतात आणि डब्यात बुरशी धरते. साल कोरडी पण गर चिवट-मऊ, बेदाण्यासारखा, झाला की भरा. ओल्या फळात पाऊणहून जास्त पाणीच असतं, तेव्हा वाटीभराचं चमचाभर झालं म्हणून नाराज होऊ नका. मी झालो होतो.

चव? ताजं फळ टोमॅटोच्या दूरच्या नात्यातलं, मागून किंचित कडू. वाळलं की गोडी वर येते. चिनी घरांत ते तांदळाच्या पेजेत, सुपात, चहात पडतं. आमच्याकडं शिऱ्यात आणि तांदळाच्या खिरीत. तूप असलेलं बरं, कारण त्यातला झिॲक्सॅन्थिन हा रंग स्निग्धाबरोबरच अंगी लागतो. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी गोजीच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही एकत्र घेतल्यानं रक्तस्राव वाढल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेची पूड तर गरोदर बाईनं घ्यायचीच नाही. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कुंडीतली मोजून सात फळं बघितली आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी शेडनेट?"