गढूळ झालं म्हणजे नासलं नव्हे

मुलुंडला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी गेल्या महिन्यात मुळ्याची भरलेली बरणी मोरीत ओतून दिली. खिडकीच्या ग्रिलमध्ये, रंगाच्या रिकाम्या बादलीत, त्यांनी स्वतः वाढवलेले मुळे होते ते. "अगं, पाणी दुधट झालं, वर फेस आला, झाकण उघडलं तर फस्स आवाज! नासलंच की ते." मला फार हळहळ वाटली. लोणचं उत्तम मुरतंय हेच त्या तिन्ही खुणा सांगत होत्या.

काकूंचा समज कुठून आला तेही कळतं. आपल्याकडे लोणचं म्हणजे कैरी, मोहरीची डाळ, हिंग आणि वर बोटभर तेल. त्यात मीठ इतकं सढळ असतं की जिवाणूंना डोकं वर काढायला जागा राहत नाही. त्या लोणच्याला फेस आला, तर ते बिघडलंच समजायचं. खाऱ्या पाण्यातल्या मुळ्याचं तसं नाही. त्यात मीठ जेमतेम अडीच टक्के, तेल नाही, व्हिनेगर नाही. आंबटपणा बरणीच्या आतच तयार व्हायचा असतो.

लागवडीचं थोडक्यात सांगते. पुसा चेतकी हा मुळा उष्णता सोसतो आणि 40 ते 45 दिवसांत काढणीला येतो, त्यामुळे मुंबईला सोयीचा. बादलीच्या तळाला भोकं पाडायची, माती, कोकोपीट आणि शेणखत भरायचं. दिवसाला चार-पाच तास ऊन मिळालं की पुरतं. उपटलेला मुळा तासाभरात बरणीत गेला तर फोडी करकरीत राहतात. शिळा, मऊ पडलेला मुळा नंतर कितीही जपला तरी कुरकुरीत होत नाही.

आता वजनकाटा काढा. अंदाजाने मीठ घालू नका, पहिल्या वेळी तरी नाहीच. मुळ्याच्या चकत्या 300 ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी 200 ग्रॅम, एकूण 500. त्याचे अडीच टक्के म्हणजे साडेबारा ग्रॅम मीठ. चकत्या पाण्याखाली पूर्ण बुडायला हव्यात, म्हणून वर एक छोटी काचेची वाटी दाबून ठेवायची. झाकण सैल लावायचं.

पहिल्या काही तासांत मीठ मुळ्यातलं पाणी बाहेर ओढतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. अडीच टक्के मिठाच्या पाण्याचा परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण 20 पट भरतो, मुळ्याच्या पेशीरसाचा त्याहून बराच कमी. पाण्याबरोबर साखरही बाहेर येते. सकाळी ताठ असलेली चकती संध्याकाळी बोटाभोवती वळते, एवढा फरक डोळ्यांना दिसतो.

मुळ्याच्या सालीवर लाखो जिवाणू असतात, आणि आपल्याला हवे ते, लॅक्टिक आम्ल बनवणारे, त्यात मूठभर. कुजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हवा लागते, ती पाण्याखाली लवकरच संपते. मीठही त्यांना नडतं. मग ल्युकोनोस्टॉक नावाचे गोल जिवाणू जोर धरतात. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल तर बनवतातच, शिवाय थोडं ॲसेटिक आम्ल आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड. काकूंनी ऐकलेला फस्स आवाज या वायूचा. पाणी दुधट दिसलं ते जिवाणूंच्या वाढलेल्या लोकसंख्येमुळे. आम्ल वाढलं की ल्युकोनोस्टॉक मागे पडतात आणि त्यांची जागा लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम घेतो. (2020 मध्ये त्याचं नाव बदलून लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस झालं, पण जुनंच नाव अजून तोंडात बसलंय.) तो सामू, म्हणजे पीएच (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साडेतीनच्या आसपास आणून ठेवतो.

आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. नुसतं आम्ल इतरांना मारतं कसं? लॅक्टिक आम्लाचा रेणू पाण्यात दोन रूपांत असतो. एक अखंड, विद्युतभार नसलेला. दुसरा फुटलेला, म्हणजे हायड्रोजन आयन वेगळा आणि ऋणभारित लॅक्टेट वेगळा. जिवाणूचं पेशीपटल स्निग्ध असतं, त्यातून भारित कण सहज जात नाहीत. अखंड रेणू मात्र अलगद आत शिरतो. पेशीच्या आत सामू 7 च्या जवळपास. तिथे पोचताच रेणू फुटतो, हायड्रोजन आयन मोकळा होतो आणि लॅक्टेट आत अडकून पडतं. पेशी तो हायड्रोजन बाहेर फेकू लागते. त्यासाठी ऊर्जा खर्च होते, आणि तेवढ्यात पुढचा रेणू आत आलेला असतो. गळक्या होडीतून पाणी उपसण्यासारखंच हे. अखेर ऊर्जा संपते.

अखंड रेणू किती असतात ते सामूवर ठरतं. 3.86 ला निम्मे अखंड, निम्मे फुटलेले. 4.86 ला अकरातला एक अखंड. 6.86 ला हजारात एक. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणून एक अंक खाली येणं फार मोठं असतं. साडेतीनला शंभरातले सुमारे 70 रेणू अखंड असतात. आपले लॅक्टिक जिवाणू यातून तगतात, कारण पेशीच्या आतला सामूही काही प्रमाणात खाली आला तर ते चालवून घेतात. आत 7 राखण्याचा हट्ट धरणारे दमून मरतात.

बोट्युलिझम या विषबाधेचा जीवघेणा जिवाणू सामू 4.6 च्या खाली असेल तर वाढत नाही. म्हणून या लोणच्यात मला भीती वाटत नाही. मात्र लसणीच्या कच्च्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर आठवडाभर ठेवणं खरोखर धोक्याचं आहे. तिथे हवा नाही आणि आम्लही नाही.

सामू तपासायला पीएच पट्टी घ्या. गंमत म्हणून निळ्या गोकर्णीची दोन फुलं कोमट पाण्यात चुरगळा. त्या निळ्या पाण्यात पहिल्या दिवसाचा खार टाकला तर रंग निळाच राहतो, चौथ्या दिवसाचा टाकला की जांभळा होतो. मुंबईच्या 30 अंशांत तीन-चार दिवस पुरतात, पुढे बरणी फ्रिजमध्ये. थंड देशांत कोबी तीन-चार आठवडे मुरतो, त्यामुळे ल्युकोनोस्टॉकला जास्त वेळ मिळतो आणि चव अधिक खुलते. आपल्याकडे तो टप्पा भरकन उरकतो. वर पातळ पांढरी साय आली तर ती यीस्टची, काढून टाकावी. लव असलेली हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा कुजका वास आला, तर मात्र सगळं टाकून द्यायचं.

लहानपणी पाळीच्या दिवसांत मला बरणीच्या खोलीतही जाऊ देत नसत. "लोणचं नासेल" म्हणत. ओला चमचा घालू नये, हा आजीचा नियम शंभर टक्के खरा होता: पाण्याने वरच्या थरातलं मीठ पातळ होतं आणि बुरशीला वाट मिळते. पाळीचा नियम निखालस खोटा. कुणाचे हात धुतलेले आहेत याने फरक पडतो, कुणाची पाळी चालू आहे याने नाही. मुलींना आजही बाजूला बसवणाऱ्या घरांत हे मोठ्याने सांगायला हवं.

आणि हल्ली अशा बरणीवर "प्रोबायोटिक" म्हणून जे वाटेल ते दावे करतात, त्यांनी मिठाचाही हिशेब सांगावा. 50 ग्रॅम मुळ्यात सव्वा ग्रॅम मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे पाव भाग एवढ्यातच संपला. रक्तदाब असलेल्यांनी दोन चकत्यांवर थांबावं.

काकूंनी परवा पुन्हा बरणी भरली, या वेळी माझ्यासमोर, काट्यावर मोजून. काल सकाळी पाणी स्वच्छ होतं. आज संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अगं, फसफसतंय." मी गोकर्णीची फुलं घेऊन खाली निघाले आहे.