रुग्णालय मिळालं, डॉक्टर कोण शोधणार?

महाराष्ट्रात सरकारी विम्यावर उपचार घेणाऱ्याला डॉक्टरपर्यंत पोचवण्याची पद्धत दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने बसवली गेली.

पहिली कामगार विम्याची. 1948 च्या कायद्यातून ही योजना आली आणि पन्नासच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांपर्यंत पोचली. कामगाराचं नाव वस्तीतल्या एखाद्या पॅनेल डॉक्टरकडे, म्हणजे योजनेच्या यादीवरच्या खाजगी डॉक्टरकडे, नोंदवलेलं असे. ताप असो की छातीत दुखणं, आधी त्याच्याकडे जायचं आणि पुढची चिठ्ठी त्यानेच द्यायची. या व्यवस्थेबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, पण पहिल्यांदा कुणाकडे जायचं हा प्रश्न कामगाराला पडत नसे.

दुसरी पद्धत मोठ्या शस्त्रक्रियांच्या खर्चातून जन्मली. 1997 च्या जीवनदायी योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोजक्या आजारांसाठी मदत मिळे. आंध्र प्रदेशात 2007 मध्ये आरोग्यश्री सुरू झाली. तिच्याच धर्तीवर 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर गेली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख.

अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णाला मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल आलं ते याच योजनेत. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र जुळवणं, नोंदणी करणं, पूर्वमान्यतेची (उपचाराआधीच्या मंजुरीची) फाइल पुढे गेली का ते पाहणं, सुट्टी होताना औषधं आणि फेरतपासणी समजावणं, हे सगळं त्याच्याकडे. रेशनकार्डावर 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई' असेल तर शस्त्रक्रियेची फाइल तिथेच अडू शकते, आणि ती सोडवायला नातेवाईक या टेबलासमोर उभे राहतात. माझ्या मते योजनेतला सर्वात मोलाचा माणूस हाच.

2017 मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि 1 एप्रिल 2020 पासून दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेलं, उपचारांची संख्या 1,356 केली आणि पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्यांना दार उघडलं. त्याची अंमलबजावणी 1 जुलै 2024 पासून झाली.

रक्कम वाढली, आजार वाढले, पण घडण मात्र शस्त्रक्रियेचीच राहिली. ओपीडी विम्याबाहेर. अँजिओप्लास्टी कॅशलेस होते, पण त्याआधी छातीतलं दुखणं हृदयाचं आहे हे ओळखणारा आणि योग्य रुग्णालयाचं नाव सांगणारा डॉक्टर रुग्णाने स्वतः शोधायचा. ठरावीक फेरतपासण्या संपल्या की गावातल्या बीपी-शुगरच्या गोळ्या पुन्हा पदरच्या. पॅनेल डॉक्टर करत असे तेवढं काम तरी कुणाच्या नावावर लिहायला हवं, आणि आरोग्यमित्राचं टेबल निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवं.