ॲल्युमिनियमचा जोड: तार कोणती, ते आधी विचारा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात आणि मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत डागडुजी सुरू होते. त्यात ॲल्युमिनियमची शिडी, रेलिंग, डिझेलची टाकीही असते. आर्गॉन वेल्डिंग करून आलेला जोड आपण वरून बघतो, गुळगुळीत दिसला की समाधान मानतो. पण त्याची ताकद बरीचशी आत वितळून गेलेल्या तारेवर असते.

बाजारात मुख्यतः दोन तारा चालतात. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन, ५३५६ मध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम. उरलेलं जवळपास सगळं ॲल्युमिनियम. हातात घेतल्या तर दोन्ही सारख्याच चमकतात.

६०६१ या मिश्रधातूची पट्टी तार न घालता नुसती वितळवून जोडली, तर जोड निवतानाच चिरतो. धातूचे कण घट्ट झालेले असतात, पण त्यांच्यामध्ये वितळलेल्या धातूचा पातळ थर अजून शिल्लक असतो. गोठताना ॲल्युमिनियम सुमारे ६ टक्के आकसतं. हा ताण त्या थराला सोसत नाही आणि तडा जातो. वेल्डिंग जिथे थांबवलं त्या खळग्यात नीट बघा, चांदणीसारखी बारीक भेग तिथेच सापडते. वितळलेल्या धातूत ६०६१ सारखं थोडंसंच सिलिकॉन किंवा मॅग्नेशियम असेल तर हा धोका सर्वात जास्त. भरपूर असेल तर उरलेला द्रव भेगा भरून काढतो. म्हणूनच तारेत ते ५ टक्के.

मग दोन्हींतली कुठली? कोपऱ्यातल्या जोडात, जिथे जोडावर कातरणारा जोर येतो, तिथे ५३५६ साधारण दीडपट भारी. समोरासमोरच्या जोडात मात्र ६०६१-टी६, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेला ६०६१, तारेपाशी नाही, शेजारच्या पट्टीत तुटतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला कडकपणा उतरतो. ३१० मेगापास्कलची ताकद १६५ ते १९० च्या आसपास येते. तिथे तार बदलून फार काही हाती लागत नाही.

बोटींच्या ५०८३ पत्र्याला ४०४३ लावणं मात्र चूकच. पत्र्यातलं मॅग्नेशियम आणि तारेतलं सिलिकॉन मिळून ठिसूळ संयुग होतं. तार चांगली वाहते, जोड देखणा येतो, आणि लाटेच्या हादऱ्याला टिकत नाही. तिथे ५१८३ किंवा ५३५६ च हवी.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. वितळलेलं ॲल्युमिनियम घन धातूच्या सुमारे २० पट हायड्रोजन मुरवून घेतं. दमट तारेवरून तो आत जातो आणि गोठताना बुडबुड्यांच्या रूपात अडकतो. तारेचं रीळ बंद पिशवीत, कोरड्या जागी ठेवायला हवं. इंजिनाजवळ, सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागात मात्र ५३५६ नको: उष्णता आणि खारी हवा मिळून ती कणांच्या सीमेवरून गंजत फुटते. पट्टी ६०६१ ची असेल, तर तिथे ४०४३ बरी.